पदरची ओळ

मेसेज आला तेव्हा तिच्या ब्रशच्या टोकावर कुणाच्या तरी पुढच्या दाताची कड होती. पोर्सेलीनची ओली पूड, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. ती कड कॅपच्या बाजूला टेकवायची, ब्रशच्या दांडीनं हलकेच थरथरवायचं, वर आलेलं पाणी टिपकागदानं टिपायचं, की दात एका रेघेनं वाढतो. मग पुन्हा दुसरी रेघ. सतरा वर्षं ती हेच करत होती, माणसं न पाहता त्यांचे दात करत होती. फोन टेबलाच्या कडेला उताणा पडला होता. त्यावर एक हात उमटला. मनगटापासून कोपरापर्यंतचा, आतल्या बाजूचा, फिकट, आणि त्यावर निळसर काळ्या अक्षरांत गोंदलेली एक ओळ. ओळ इंग्रजीत होती, पण तिला ती आईच्या आवाजात ऐकू आली. दार लोटलेलं आहे, कडी लावलेली नाही. हाताखाली मजकूर होता. ‘नवं नाही हं, नऊ वर्षं झाली गोंदून. तुला दाखवायचं राहूनच गेलं. आता ऐक टपाल, आठशे कागद छापायचेत, सोमवारी प्रेसमध्ये द्यायचेत. मूळ जपानी ओळ पाठव आणि ती कुठल्या तारखेच्या नोंदीत होती तेही. त्याची जुनी पानं बंद झाल्यापासून कुणालाच सापडत नाहीये. तुझ्याकडे असणारच.’ ती वाचत राहिली आणि ब्रशवरची कड वाळून, भुगा होऊन तिच्या अंगठ्यावर पडली. पलीकडच्या टेबलावरून दातांच्या त्या लॅबचे मालक, ज्यांना सगळे सर म्हणायचे, ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “काय हो बाई, पेशंट जिवंत आहे ना?” “आहे सर.” “मग चेहरा असा का केलाय?” ती हसली. हसल्यावर आपले सगळे दात दिसतात हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं ते लगेच आवरलं.

टपाल म्हणजे तीच. घरात तिला एक नाव होतं, लॅबमध्ये ती बाई होती, आणि या दोन्हीच्या बाहेर, निरनिराळ्या देशांतल्या आठ-नऊ हजार माणसांसाठी ती टपाल होती. ती सगळी माणसं एका जपानी बँडवर जीव टाकून होती. व्हिज्युअल केई म्हणतात त्या जातकुळीचा बँड. पाच पुरुष, डोळ्यांभोवती काजळाची तळी, जांभळे ओठ, तुऱ्यासारखे उभे केस, झालरी लावलेले कोट, आणि त्या सगळ्या नटव्या सामानाच्या आतून कानठळ्या बसवणारी गिटार. गायक अधूनमधून इंटरनेटवरच्या स्वतःच्या पानावर चार ओळी लिहायचा. ती त्या चार ओळी इंग्रजीत आणून चाहत्यांच्या फोरमवर टाकायची. त्याचा कागद यांच्या दारात नेऊन पोचवायची, म्हणून टपाल. तिला स्वतःला गायक तितकासा आवडायचाही नाही. तिचा जीव ड्रम वाजवणाऱ्यावर होता, झांजांच्या मागे बसलेल्या, कुठल्याच फोटोत पुरता न दिसणाऱ्या त्या माणसावर. पण ड्रमर काहीच लिहीत नसे. फोरमवर हे सगळ्यांना माहीत होतं आणि तिची थट्टा व्हायची, की टपालाचं सासर एकीकडे आणि माहेर दुसरीकडे. थट्टा करण्यात पुढे असायची घुबड, आज हाताचा फोटो पाठवणारी. दूर कुठल्यातरी देशात रात्रपाळी करणारी नर्स, म्हणून ती घुबड. तिला तिनं प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. चौदा वर्षांत दोघींनी एकमेकींची दुखणी, सुट्ट्या, भांडणं, घुबडचा घटस्फोट, टपालाचं न झालेलं लग्न, असं सगळं वाटून घेतलं होतं. चेहरा तेवढा पाहायचा राहिला होता. आता बँड पहिल्यांदाच तिच्या शहरात येणार होता. घुबड विमानानं येणार होती. आणि शेवटच्या गाण्याला सभागृहातल्या प्रत्येकानं एकच ओळ छापलेला कागद डोक्यावर धरायचा, गायकाची ओळ गायकाला दाखवायची, असं ठरलं होतं. हे लोक असंच करतात. प्रत्येक देशात, प्रत्येक दौऱ्यात काहीतरी गुपचूप ठरवतात आणि मंचावरचा माणूस रडला की वर्षभर त्यावर जगतात. फक्त एक गोष्ट होती. ती ओळ गायकानं कधी लिहिलीच नव्हती.

घरी जाताना ती दोन थांबे आधीच उतरली आणि चालत राहिली. दुकानांची शटरं अर्धी वर, अर्धी खाली. एका खिडकीत एकाच बांध्याच्या, डोकी नसलेल्या सहा बाहुल्या सहा सदरे घालून उभ्या. तिला तो हिवाळा आठवत होता, आणि हिवाळ्याच्या आतला आणखी जुना एक दरवाजा. गायकाची चौदा वर्षांपूर्वीची ती नोंद तिला अजून तोंडपाठ होती. ‘घसा बसला. डॉक्टर म्हणतो महिनाभर गायचं नाही. दोन कार्यक्रम रद्द. माफ करा. मांजर बरं आहे.’ संपलं. तिनं ते इंग्रजीत आणलं, आणि टाकण्याआधी सहज वरचं पान पाहिलं, तर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘आता हाही गप्प झाला तर सकाळी मी कशासाठी उठायचं?’ नाव अनोळखी. नवीच असावी. बसल्या जागी तिच्या बोटांना काहीतरी झालं. मांजर बरं आहे, याच्या खाली तिनं एक ओळ घातली. दार लोटलेलं आहे, कडी लावलेली नाही. पाठवलं. हात धुऊन जेवायला गेली. परत येऊन पाहते तर सत्तेचाळीस उत्तरं. ती नवी मुलगीही होती त्यांत. ‘ही ओळ मी भिंतीवर लिहिली,’ असं तिनं म्हटलं होतं. त्या मुलीचं नाव मग वर्षभरानं बदललं आणि ती घुबड झाली. ओळीचंही तसंच झालं. लोक एकमेकांना निरोप देताना ती म्हणू लागले, आजारी माणसाला पाठवू लागले, कुणी उशीवर भरली, कुणी हातावर गोंदली. एकदा काढून टाकावी असं तिच्या मनात आलं होतं, पण तोवर ती ओळ काढणं म्हणजे चावलेल्या घासातून मीठ वेचणं झालं होतं.

आणि ती ओळ तिची तरी कुठे होती. ती होती जिन्याखालच्या खोलीच्या दाराशी उभ्या असलेल्या आईची. दादा तेव्हा सतरा-अठराचा. त्यानंच कुठूनतरी या बँडची पहिली कॅसेट आणली होती, आवाज इतका खरखरीत की गाणं कुठलं आणि फीत कुठली कळू नये. तो खोलीत शिरायचा, आतून कडी घालायचा, आणि आईच्या काजळाच्या डबीनं डोळे रंगवून तासन्‌तास बसून राहायचा. बाबा बाहेरून ओरडायचे, “काय नाटक कंपनी काढलीय का आत? बाहेर ये, तिकीट तरी काढतो!” आतून काही नाही. मग बाबा जायचे, आई यायची. ती हाका मारायची नाही. दाराला हात टेकून, भिंतीला सांगावं तशी म्हणायची, “दार नुसतं लोटून घे रे. कडी नको लावूस.” दार लोटलं, दार मिटलं, दारापाशी आई, दाराआड दादा, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती, अकरा वर्षांची, गुडघ्यात हनुवटी घालून. कधीतरी आतून कडी सरकल्याचा आवाज यायचा. दार उघडायचं नाही. पण आई लगेच निघून जायची, काम झाल्यासारखी. दादा पुढे शिकला, त्याचं लग्न झालं, पोट सुटलं. आता तो पाण्याचे पंप विकतो आणि गाडीत जुनी सिनेमाची गाणी लावतो. कॅसेट तिच्याकडे राहिली. भाषाही तिच्याकडेच राहिली, लॅब सुटल्यावरच्या वर्गात आठ वर्षं घोटलेली.

आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. ती समोर बसली, चादरीची दोन टोकं धरली. दोघी जवळ आल्या, लांब गेल्या, पुन्हा जवळ आल्या. “आई, तू दादाला म्हणायचीस ना, दार लोटून घे, कडी लावू नको?” “म्हणायचेच. रोज म्हणायचे. मेली ती कडी गंजली होती. अडकली की अडकली. दोनदा सुतार आणावा लागला. एकदा तर तुझे बाबाच आत अडकले, ऑफिस बुडालं त्यांचं, आठवत नाही?” तिला आठवत नव्हतं. चादरीचं टोक तिच्या हातून निसटलं. “म्हणजे कडीसाठी म्हणायचीस?” “मग कशासाठी?” “दादासाठी नाही?” आईनं चादर ओढून घेतली, मांडीवर ठेवली, तळव्यानं दाबली. “दादाला काय झालं होतं?” ती म्हणाली. “चांगला धडधाकट होता. खायचा प्यायचा.” मग तिनं घडीकडे पाहिलं, ती उलटी पडली होती, सगळी मोडली, झटकली, आणि पहिल्यापासून घालायला घेतली. नंतर म्हणाली, “तुला आत्ता का सुचलं हे?” “सहज.” “सहज काही सुचत नसतं तुला. लहानपणापासून.”

शनिवारभर ती लॅबमध्ये बसून होती, एकटीच. काम होतंही आणि नव्हतंही. कागद पुढे घेऊन तिनं ओळ जपानीत लिहून पाहिली. कुणी ताडून पाहू शकणार नव्हतं. पानं बंद होऊन सहा वर्षं झाली होती. तारीख तर तयारच होती, घसा बसल्याची. गायकाची लिहिण्याची ढब तिच्या हाडीमाशी खिळलेली. तो कधी कुणाला उद्देशून लिहीत नसे. दार, खिडकी, असलं काही त्याच्या वाक्यांत येत नसे. घसा यायचा, मांजर यायचं, मोजे यायचे. तिनं ओळ तोडून पाहिली, क्रियापद मागे ढकललं, एक शब्द मुद्दाम वेडावाकडा ठेवला. तरी ती ओळ नव्या कॅपसारखी दिसत होती, शेजारच्या दातांपेक्षा एक छटा जास्त पांढरी. रंगपट्टीवर पंधरा-सोळा पांढरे असतात आणि माणसाला वाटतं पांढरा एकच. आपल्याला कळतंय म्हणजे सगळ्यांना कळेल असं नाही, हेही तिला ठाऊक होतं. भीती पकडलं जाण्याची नव्हती. भीती वेगळीच होती आणि ती दुपारी केव्हातरी, दात भाजायची भट्टी थंड होताना, नीट समोर येऊन बसली. आठशे कागद वर जातील, तो वाचेल, आणि त्याला खरं वाटेल. चौदा वर्षांपूर्वी मी असं लिहिलं होतं, विसरलो, असं म्हणेल. स्वतःच्या तोंडात बसवलेला दात माणूस काही दिवसांनी जिभेनं चाचपतसुद्धा नाही. तसं. त्याच्या नकळत त्याच्या आयुष्यात आपल्या जिन्याखालची ती गंजकी कडी कायमची बसेल. तिनं कागद चुरगळला. मग सरांनी सोमवारी विचारू नये म्हणून तो पर्समध्ये ठेवला.

रविवारी दुपारी तिनं घुबडला फोन लावला. एरवी दोघी लिहायच्याच. आवाज दोन-तीनदाच ऐकलेला. “बोल गं टपाल,” घुबड म्हणाली, “सापडली का ओळ?” “ती ओळ त्याची नाहीये.” “मग काय ड्रमरची? तुझा पक्षपात माहितीये मला.” “माझी आहे. मी घातली होती खाली. म्हणजे, माझी नाही, माझ्या आईची.” पलीकडे पाण्याचा नळ चालू होता, तो बंद झाला. “पुन्हा सांग.” तिनं पुन्हा सांगितलं. सांगताना ती खिडकीबाहेर एका माणसाला पाहत होती. तो सायकलची चेन बसवत होता आणि ती पुनःपुन्हा निसटत होती. “या हातानं मी लोकांना सुई लावते,” घुबड म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “सुईकडे बघवत नाही म्हणून लोक हे वाचतात. विचारतात, कुणाचं आहे. मी त्याचं नाव सांगते. नऊ वर्षं सांगतेय.” “हो.” “हो काय हो? तुला कधी वाटलं नाही सांगावं?” “वाटलं होतं.” “मग?” असलेलं उत्तर फार लहान होतं. सांगितलं असतं तर तू उठली नसतीस असं वाटलं, हे फोनवर म्हणण्यासारखं नव्हतं, आणि कदाचित खरंही नव्हतं. टपालवाल्याचं दारोदारी जे स्वागत होतं ते तिला हवं होतं, एवढं खरं असेल. “तुझी आई हे कुणाला म्हणाली होती?” घुबडनं विचारलं. “दादाला. तो आतून कडी घालून बसायचा.” “तो आहे ना?” “आहे गं. पंप विकतो.” “आई काय म्हणते आता?” “कडी गंजलेली होती म्हणते. अडकायची.” पलीकडून एक आवाज आला, हसल्याचा होता की नाकातून सुटलेला श्वास, कळलं नाही. सायकलवाल्यानं चेन बसवली, हात पॅंटला पुसले आणि निघून गेला. “कागदांचं मी बघते,” घुबड म्हणाली. “फोरमवर तू लिही. तुझ्या हातानं लिही. आणि या खेपेला पदरचं काही घालू नकोस.”

तिनं सात वाक्यं लिहिली. आठवं सुचलं होतं ते खोडलं. पुढे जे झालं ते तिनं लांबच्या रस्त्यावरची गर्दी पाहावी तसं पाहिलं. कुणी चिडलं, कुणी फसवणूक म्हणालं, कुणी विचारलं की मग इतर नोंदींत तू काय काय घुसडलं आहेस. प्रश्न बरोबर होता. काही नाही, असं तिनं उत्तर दिलं, आणि ते खरं असूनही लिहिल्यावर खोटं दिसलं. एका बाईनं लिहिलं, माझ्या मुलीच्या पाळण्यावर ती ओळ आहे, आता मी काय करू? त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, पाळणा हलव. नावापुढची ‘भाषांतर’ ही खूण गेली. कार्यक्रमाची आखणी करणाऱ्यांच्या गटातून तिला काढलं गेलं, त्यामुळे कागदांचं काय ठरलं हे तिला कळायला मार्ग राहिला नाही. गायकानं मधल्या आठवड्यांत दोनदा लिहिलं. एकदा गुडघ्याबद्दल, एकदा विमानातल्या जेवणाबद्दल. तिनं दोन्ही वाचलं आणि कुणाला सांगितलं नाही. न सांगण्याचीही एक सवय होते. जिभेवर दोन दिवस ओळ राहते, मग विरघळते. लॅबमध्ये त्या काळात तिच्या हातची एकही कॅप परत आली नाही. सर म्हणाले, “बाई, अलीकडे तुमचे दात अगदी खऱ्यासारखे वाटतात.” ती म्हणाली, “खऱ्यासारखेच वाटायला हवेत ना सर.”

कार्यक्रमाच्या दिवशी ती दुपारी चारला सभागृहापाशी पोचली. रांग इमारतीला वळसा घालून मागच्या गोदामाच्या भिंतीपर्यंत गेली होती. झालरी, बूट, उन्हात वितळणारं काजळ. विशीतल्या पोरी आणि त्यांच्यात गुडघ्याला पट्टे बांधलेल्या पन्नाशीच्या बायका, एक टक्कल पडलेला गृहस्थ ओठ जांभळे करून वर्तमानपत्र वाचत. भिंतीशी चारजणी हातांच्या खुणांचा सराव करत होत्या. या लोकांत प्रत्येक गाण्याच्या खुणा ठरलेल्या असतात, कुठे तळवे उघडायचे, कुठे कमरेतून वाकायचं. जगात कुठेही गेलं तरी त्याच. रांग चाहतेच राखतात, तेही ठरलेलं. सकाळपासून एकजण प्रत्येकाच्या मनगटावर मार्करनं नंबर लिहिते, आणि लिहिणारी स्वतःचा नंबर सगळ्यांच्या शेवटी घेते. नंबर लिहिणारी बुटकी होती, रुंद खांद्यांची, पांढरे बूट घातलेली. लांब बाह्यांचा सदरा. तिनं न बघताच हात पुढे केला. “मनगट.” तिनं मनगट दिलं. “नाव?” “टपाल.” मार्कर थांबला. घुबडनं वर पाहिलं. चौदा वर्षांत राहून गेलेला चेहरा तो, आणि तो अगदी साधा होता, डोळ्यांखाली रात्रपाळ्यांची सूज, हनुवटीवर जुना व्रण. बोटं नर्सची होती. नाडी सापडावी अशा जागी बरोबर टेकलेली. “कधीची उभी आहेस?” “आत्ताच आले.” “मग शेवटची आहेस. तुझ्या मागे फक्त मी.” तिनं नंबर लिहिला, आकडे सावकाश गिरवले, आणि हात सोडून दिला. तोवर रांगेत पुढपर्यंत कुजबुज गेली होती, टपाल शेवटी उभी आहे. संध्याकाळी दारं उघडली. दारात कागद वाटले जात होते, पालथे, पांढरी बाजू वर. दोघी पोचेपर्यंत संपले होते.

सर्वांत मागून ड्रमर दिसत होता. उंच चौथऱ्यावर बसवला होता त्याला, पुढच्या रांगांतून तो दिसलाच नसता. तो म्हातारा झाला होता. वाजवताना तोंड किंचित उघडं राहत होतं, शाळेतल्या मुलासारखं. तिनं ते पाहून ठेवलं. समोर हात उघडत होते, मिटत होते, माणसं शेतासारखी एका बाजूला वाकत होती, आणि तिचेही हात तिला न विचारता तेच करत होते. शेजारी घुबडचेही. एकदा दोघींची कोपरं आपटली. घुबड पुढेच बघत राहिली. मग शेवटचं गाणं आलं, मधली शांत जागा आली, आणि कागद वर गेले. आठशे पांढऱ्या पाठी. मागून तिला फक्त पाठी दिसत होत्या, उजेडात किंचित पारदर्शक, पण अक्षर लागेल इतक्या नाहीत. घुबडला ठाऊक होतं त्यावर काय आहे. तिनं घुबडला विचारलं नाही. गायक माइकपाशी आला, दोन पावलं मागे गेला, डोळ्यांवर हात धरला. रंगवलेल्या चेहऱ्यातून काही कळत नव्हतं. वाद्यं थांबली होती. तो काहीतरी बोलला, जपानीत, दोनच वाक्यं, आणि थांबून राहिला, उत्तराची वाट पाहावी तसा.

कुणाला काही कळलं नव्हतं. मग पुढून कुठूनतरी एक डोकं मागे वळलं, त्याच्यामागचं दुसरं, आणि वळण रांगेरांगेनं मागे येत गेलं, वाऱ्यानं कणसं एका अंगाला झुकावीत तसं, ते तिच्यापर्यंत येऊन थांबलं. एवढी सगळी काजळ घातलेली तोंडं. कुणाचे डोळे भरून तयार होते. ती ओळखत होती हे वाट पाहणं. या भुकेला काय घातलं म्हणजे ती निवते हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. एक वाक्य तिच्या तोंडात आपोआप तयारही झालं होतं, चांगलं होतं, कुणी गोंदून घेतलं असतं.

“काय म्हणाला?” घुबडनं विचारलं.

“दिवे डोळ्यांवर येतायत म्हणाला. वाचता येत नाही.”

घुबड तिच्याकडे पाहत राहिली. नर्स थर्मामीटरकडे पाहते तसं. “एवढंच?”

“एवढंच.”

मग घुबड वळली, पुढच्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “दिवे घालवायला सांग. त्याला दिसत नाहीये.” त्या बाईनं तिच्या पुढच्याला सांगितलं. वाक्य पुढे जाऊ लागलं, तोंडातून तोंडात, जसंच्या तसं, आणि टाचा उंचावून ती त्या वाक्याला मंचाकडे जाताना बघत राहिली.